बाबासाहेबांचे अखेरचे दिवस आणि आपण



विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र पहिल्यापासून सांगण्याची गरज नाही. महू ते दीक्षाभूमी हा सारा प्रवास आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे. आम्ही मात्र त्या चरित्रातला एकच धागा इथे हाती घेत आहोत. आपलं माणूस आता जायला निघालं आहे, हे ओळखायचं कसं? हा प्रश्न बाबासाहेबांच्या घरात तीनदा उभा राहिला.

पहिला प्रसंग १९१३ सालचा. भीमराव तेव्हा एकवीस वर्षांचे. बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होऊन थोडेच दिवस झाले होते, तोच वडील सुभेदार रामजी आजारी असल्याची तार आली. ते तातडीने निघाले. सुरत स्टेशनवर गाडी थांबली, तेव्हा वडिलांसाठी बर्फी घ्यावी म्हणून खाली उतरले आणि गाडी सुटली. मुंबईला पोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींचा जीव लेकात अडकला होता. लेक समोर दिसला, त्याच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला आणि प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३ चा. बर्फी घ्यायला उतरणारा मुलगा, वडील बरे होतील, उठून बसतील, गोड खातील, असंच मनात धरून चालला होता. मायेच्या माणसाला वाईट विचार सुचत नाही, तो असा.

दुसरा प्रसंग माता रमाईंचा. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरं त्या माउलीने मातीआड केली. नवरा परदेशी शिकत असताना, पुढे गोलमेज परिषदांना गेला असताना घर त्यांनीच ओढलं. शरीर आतून झिजत गेलं. बाबासाहेबांनी त्यांना हवापालटासाठी धारवाडला नेलं, चांगल्या डॉक्टरांचे उपचार केले. पण दुखणं हटलं नाही. रमाई अंथरुणाला खिळल्या, अन्न तुटलं. २७ मे १९३५ रोजी राजगृहात त्यांनी डोळे मिटले, तेव्हा बाबासाहेब जवळ होते. या वेळी गाडी चुकली नव्हती. तरीही पुढे कित्येक दिवस ते सावरले नाहीत. खुणा दिसत असल्या म्हणून दुःख कमी होतं असं नाही. शेवटच्या घडीला माणूस उशाशी असतो, एवढंच. पण ते एवढंच फार मोठं असतं.

तिसरा प्रसंग खुद्द बाबासाहेबांचा. मधुमेह जुना होता. पाय दुखत, नजर अधू झाली होती, आधाराशिवाय चालणं कठीण झालं होतं. १९५६ साली हे सगळं वाढत गेलं. स्वीय सहायक नानकचंद रट्टू यांच्यापुढे अपुऱ्या राहिलेल्या कामांबद्दल बोलताना त्यांचे डोळे भरून येत. १४ ऑक्टोबरला नागपुरात कुशिनाराचे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी दीक्षा घेतली, तेव्हा लाखो डोळे त्यांच्याकडे लागले होते. हातातली काठी आणि शेजारचा आधार कुणाला दिसला नाही असं नाही. पण आपल्या मनात तेव्हा फक्त आनंद होता.

पुढे नोव्हेंबरात काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद झाली. परतीच्या वाटेवर वाराणसी, सारनाथ आणि तथागतांचं महापरिनिर्वाण झालं ते कुशिनारा. ३० तारखेला ते दिल्लीत पोचले. ४ डिसेंबरला राज्यसभेत जाऊन आले. ५ तारखेला संध्याकाळी जैन समाजाच्या मंडळींना भेटले. रात्री रट्टूंनी डोक्याला तेल चोळलं, पाय चेपले. जेवण जेमतेम झालं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकाचे कागद आणि काही पत्रं उशाशी मागवून घेतली. सकाळी माईसाहेब उठवायला गेल्या, तेव्हा सारं संपलं होतं. ६ डिसेंबर १९५६. १६ डिसेंबरला मुंबईत दीक्षासमारंभ व्हायचा होता. मुंबईकरांनी ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर त्यांना अखेरचा निरोप दिला आणि तिथेच लाखाच्या वर लोकांनी दीक्षा घेतली.

यानंतर जे झालं तेही सांगितलं पाहिजे. आपल्यातल्या अनेकांनी माईसाहेबांवर संशय घेतला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी ते बोलणं वर्षानुवर्षं थांबलं नाही. बाबासाहेबांनी मात्र त्याच ग्रंथासाठी मार्च १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत आपला जीव वाचवण्याचं श्रेय आपल्या पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिलं होतं. १९५७ साली ग्रंथ निघाला, त्यात ती प्रस्तावना नव्हती. खुणा महिनोन्महिने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. त्या वाचता आल्या नाहीत, ते दुःख आपण एका बाईच्या पदरात टाकलं, असं आम्हाला प्रामाणिकपणे वाटतं.

आपल्याच घरांतही हेच होतं ना? म्हातारं माणूस जेवण कमी करतं, तेव्हा आपण चिडून घास भरवतो. झोप वाढते, बोलणं कमी होतं, जुन्या गेलेल्या माणसांची नावं तोंडात येतात. अखेरीस हातपाय गार पडतात, श्वास थांबून थांबून चालतो. डॉक्टरला विचारावंच, औषध चुकवू नये. पण यातलं काही दिसू लागलं की बाहेरगावच्या लेकाला लवकर कळवावं, शेजारी बसावं, हात हातात घ्यावा, ओठ ओले करावेत, त्रिसरण म्हणावं. आणि ती घडी कधी कधी काहीच न सांगता, झोपेतच येते. तेव्हा कोण चुकलं याचा पंचनामा करू नये.

वैशालीत तथागतांनी सुचवलेलं आनंदालाही उमगलं नव्हतं. पंचवीस वर्षं सावलीसारखा सोबत राहिलेला तो, कुशिनाऱ्यात दाराशी उभा राहून रडला. तथागतांनी त्याचं सांत्वन केलं. जवळ बोलावून घेतलं, त्याच्या सेवेची सर्वांसमोर वाखाणणी केली. जे जे जन्मलं ते ते जाणार, हे आपण रोज वंदनेनंतर ऐकतो. ते घरातल्या खाटेशी बसून ऐकता आलं, तर विहारात येणं सार्थकी लागलं म्हणायचं.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम.