विश्लेषण : सव्वा दोन म्हणजे नऊ चतुर्थांश! भास्कराचार्यांचे अपूर्णांकांचे गणित आजही घराघरांत कसे?

खराडीतल्या भाजी मंडईत सव्वा दोन किलो कांदे मागितले जातात, घड्याळात पावणे तीन वाजतात आणि घरांच्या जाहिराती 'अडीच बीएचके' म्हणतात. पण शाळेच्या वहीत हेच आकडे 'अंशाधिक' आणि 'पूर्णांकयुक्त' अपूर्णांक होऊन येतात, तेव्हा अनेक मुले अडखळतात. विशेष म्हणजे सव्वा दोन आणि पावणे तीन हीच दोन उदाहरणे सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी एका गणितज्ञाने आपल्या ग्रंथात दिली होती. त्यांचे नाव भास्कराचार्य.

भास्कराचार्य कोण होते?

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. सह्याद्रीजवळचे विज्जडविड हे आपले गाव असल्याचे त्यांनी लिहून ठेवले आहे. ते गाव नेमके कोणते, यावर अभ्यासकांत एकमत नाही. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पुढे वयाच्या ६९व्या वर्षी त्यांनी 'करणकुतूहल' लिहिला. ११८५ च्या सुमारास त्यांचे निधन झाले.

'लीलावती'त अपूर्णांक कसे शिकवले आहेत?

ग्रंथाची सुरुवातच नाणी, वजने आणि मापांच्या कोष्टकांनी होते. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण आणि १६ पणांचा एक द्रम्म. असा हिशेब रोज करणाऱ्याला अपूर्णांक टाळून चालणारच नव्हते.

त्या काळी अंश आणि छेद यांच्यामध्ये आडवी रेघ नसे. पूर्णांक वर, त्याखाली अंश आणि सर्वांत खाली छेद अशी तीन मजली मांडणी असे. पूर्णांकात भाग मिळवायचा असेल तर त्या रीतीला 'भागानुबंध' म्हणत, वजा करायचा असेल तर 'भागापवाह'. ही रीत भास्कराचार्यांच्या आधीच्या गणितज्ञांनाही ठाऊक होती. त्यांनी ती मोजक्या शब्दांत बांधली आणि रोजच्या व्यवहारातले उदाहरण दिले.

रीत नेमकी काय?

छेदाने पूर्णांकाला गुणा. त्यात अंश मिळवा किंवा त्यातून वजा करा. छेद तोच ठेवा.

- सव्वा दोन : २ × ४ = ८, अधिक १ = ९. उत्तर ९/४.
- पावणे तीन : ३ × ४ = १२, उणे १ = ११. उत्तर ११/४.

यामागचे कारण सोपे आहे. एका भाकरीचे चार चतकोर, तर दोन भाकरींचे आठ. वरचा एक चतकोर धरून नऊ.

उलट जायचे असेल तर भागाकार करा. ११ ला ४ ने भागले की भागाकार २ आणि बाकी ३, म्हणून २ पूर्णांक ३/४. म्हणजेच पावणे तीन. भागाकार हा पूर्णांक, बाकी हा अंश आणि छेद पुन्हा तोच.

मराठीशी नाते काय?

'सव्वा' हा शब्द 'सपाद'वरून आला, म्हणजे पावासह. 'पाऊण' आला 'पादोन'वरून, म्हणजे पाव उणे. त्यामुळे पावणे तीन म्हणणारी आजी नकळत भागापवाहच करत असते. पूर्वी शाळांत पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, अडीचकी पाठ करून घेत, ती याच हिशेबासाठी.

त्यांच्यानंतर हे ज्ञान कसे टिकले?

मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी विद्वान होता, तर नातू चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ सुरू केला. निकुंभ घराण्यातील सोईदेव आणि हेमाडीदेव यांनी त्याला दान दिले. १२०७ चा तिथला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. १५८७ मध्ये फैजीने 'लीलावती' फारसीत नेली, १८१७ मध्ये कोलब्रुकने इंग्रजीत.

खराडीवरून जाणारा नगर रस्ता पुढे छत्रपती संभाजीनगर, कन्नड घाट असे टप्पे घेत याच चाळीसगावकडे नेतो. मुलांना अपूर्णांक अवघड वाटले, तर आधी त्यांना मंडईत सव्वा दोन किलो कांदे मागायला सांगावे आणि त्यात पाव किलोची किती मापे होतील ते विचारावे. नऊ हे उत्तर आले, की अंशाधिक अपूर्णांक समजलाच.