लाय डिटेक्टर बनवणारा पोलीसच आयुष्यभर त्याविरोधात तक्रार करत राहिला

चोराच्या मनात चांदणं, असं आपल्याकडे म्हणतात. खोटं बोलणाऱ्याची धडधड वाढते, श्वास अडखळतो, आणि तो कितीही साळसूद चेहरा करून बसला तरी शरीर चुगली करतं. पॉलिग्राफ म्हणजेच लाय डिटेक्टर या एवढ्याच गृहीतकावर उभा आहे. अडचण अशी की साव माणसालाही पोलीस ठाण्यात घाम फुटतो. ही अडचण सगळ्यात आधी ज्यांच्या लक्षात आली, त्यात खुद्द यंत्र बनवणारा माणूसही होता.

जॉन ऑगस्टस लार्सन यांचा जन्म १८९२ साली कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात झाला. १९२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी शरीरक्रियाशास्त्रात पीएचडी केली आणि बर्कलीत चक्क पोलीस शिपाई झाले. डॉक्टरेट घेतलेला शिपाई तेव्हा अमेरिकेत कुणी पाहिला नव्हता. पण तिथले पोलीस प्रमुख ऑगस्ट व्हॉल्मर यांना मारझोड करून कबुली काढण्याची पद्धत बंद करायची होती. त्यासाठी त्यांना असाच माणूस हवा होता.

विल्यम मार्स्टन नावाचे संशोधक रक्तदाबावरून खोटं पकडण्याचे प्रयोग करत होते. (पुढे वंडर वुमन हे कॉमिक्समधलं पात्र तयार करणारे हेच ते मार्स्टन.) लार्सन यांनी १९२१ मध्ये त्यात श्वासाची नोंद जोडली आणि दोन्ही रेघा काजळी धरलेल्या कागदावर सलग उमटतील अशी सोय केली.

पहिली मोठी परीक्षा झाली ती मुलींच्या वसतिगृहात. कॉलेज हॉलमधून पैसे, कपडे, अंगठी अशा वस्तू गायब होत होत्या. लार्सन यांनी मुलींना एकेक करून यंत्राला जोडलं आणि सगळ्यांना तेच प्रश्न त्याच सुरात विचारले. एका मुलीच्या रेघा एकदम बिघडल्या, ती चिडून निघून गेली आणि नंतर तिने कबुली दिली. चाचणी दिलेल्या मुलींपैकीच मार्गारेट टेलर यांच्याशी लार्सन यांनी पुढच्या वर्षी लग्न केलं! त्याच ऑगस्टमध्ये फादर हेस्लिन यांच्या खुनाच्या प्रकरणात विल्यम हायटॉवर या संशयिताची चाचणी झाली आणि वर्तमानपत्रांनी यंत्र डोक्यावर घेतलं.

इथून पुढे मात्र लार्सन बिचकायला लागले. रेघ उसळली म्हणजे माणूस घाबरला, चिडला किंवा लाजला, एवढंच कळतं. तो खोटं बोलला, हे यंत्र सांगत नाही. ते यंत्राजवळ बसलेला तज्ज्ञ सांगतो. मग तो तज्ज्ञ चुकला तर दाद कुणाकडे मागायची?

हा प्रश्न टोकाला गेला तो त्यांच्याच शिष्यामुळे. लिओनार्ड कीलर शाळकरी वयापासून बर्कलीच्या ठाण्यात घुटमळायचा. त्याने यंत्र सुटसुटीत केलं, १९३१ मध्ये पेटंट मिळवलं आणि पुढे बँका नि कंपन्यांसाठी नोकरदारांच्या चाचण्या सुरू केल्या. चाचणीआधी तो समोरच्याला पत्त्यांतला एक पत्ता मनात धरायला लावायचा आणि यंत्राच्या मदतीने तो ओळखून दाखवायचा. अनेकदा पत्ते खुणेचे असायचे. यंत्र चुकत नाही अशी धास्ती बसली की माणूस आपणच बोलायला लागतो, हा त्यामागचा हिशेब. लार्सन यांना नेमकं हेच खटकायचं. शास्त्र म्हणून सुरू झालेल्या कामाचा धाक दाखवायचं साधन झालं होतं.

१९३७ मध्ये शिकागोच्या तुरुंगात जोसेफ रॅपपोर्ट हा फाशीची शिक्षा झालेला कैदी होता. शिक्षा अमलात येण्याच्या काही तास आधी कीलरने त्याची चाचणी घेतली आणि तो खोटं बोलतोय असा निष्कर्ष दिला. गव्हर्नरनी दया नाकारली. त्या निष्कर्षावर अपील करायला जागाच नव्हती.

लार्सन तोवर वैद्यकीय पदवी घेऊन मनोविकारतज्ज्ञ झाले होते. १९३२ मध्ये त्यांनी या विषयावर जाडजूड पुस्तक लिहिलं. चाचणी प्रशिक्षित शास्त्रज्ञानेच घ्यावी आणि नोंदी दुसऱ्यांना तपासता याव्यात, हा धोशा त्यांनी लावून धरला. अखेरीस तर आपल्या हातून फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसासारखं काहीतरी घडलं, असं त्यांना वाटू लागलं. कीलर आणि लार्सन दोघांनीही जिथे काम केलं त्या इलिनॉय राज्याने १९६३ मध्ये चाचणी घेणाऱ्यांसाठी परवान्याचा कायदा केला. लार्सन १९६५ मध्ये वारले.

आज अमेरिकेत काही राज्यांत परवाना लागतो, काहींत नाही. जिथे लागतो तिथे परवाना देणाऱ्या विभागाकडेच लेखी तक्रार करता येते. पण मी खरं बोललो तरी नापास झालो, एवढ्यावर ती सहसा टिकत नाही. संमती घेतली नाही, परवान्याची मुदत संपली होती, नियमाबाहेरचे प्रश्न विचारले, असं काही दाखवावं लागतं.

आणि धुळ्यात कुणावर ही वेळ आली तर? भारतात पॉलिग्राफ तज्ज्ञांना परवाना देणारा कायदाच नाही, त्यामुळे परवाना रद्द करा असा अर्ज कुठे देता येत नाही. महाराष्ट्रात पोलीस तपासातली ही चाचणी सरकारी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होते. तिथल्या तज्ज्ञाबद्दलची तक्रार त्याच्या वरिष्ठांकडे जाते.

खरा आधार आहे तो सर्वोच्च न्यायालयाच्या ५ मे २०१० च्या सेल्वी निकालाचा. संमतीशिवाय चाचणी घेता येत नाही आणि चाचणीचा निष्कर्ष पुरावा ठरत नाही. संमतीने दिलेल्या चाचणीतून पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती मात्र पुराव्यात येऊ शकते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २००० सालच्या सूचना पाळायलाही न्यायालयाने सांगितलं आहे. त्यानुसार संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी लागते, तीही वकील सोबत असताना, आणि चाचणीच्या वेळीही वकील हजर असावा लागतो.

म्हणून तक्रारीत आधी लिहायचं ते हेच: संमती कुठे, कधी, कुणासमोर झाली आणि वकील होता का. ही तक्रार खटला चालू असलेल्या न्यायालयात मांडता येते. घटनेपासून वर्षभराच्या आत राज्य मानवी हक्क आयोगाकडे जाता येतं. त्याही पुढे जायचं तर धुळे-जळगावकरांसाठी उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ आहे.