आंतोन चेखव

आंतोन पावलोविच चेखव (२९ जानेवारी, १८६० – १५ जुलै, १९०४) हे रशियन कथाकार, नाटककार व व्यवसायाने डॉक्टर होते. त्यांच्या आरंभीच्या विनोदी कथांत लहान गावातील जीवनाचे आणि सत्तेपुढे वाकणाऱ्या वृत्तीचे मार्मिक चित्रण आढळते.

बालपण

चेखव यांचा जन्म अझोव्ह समुद्राकाठच्या तागानरोग या बंदराच्या गावी झाला. त्यांचे आजोबा भूदास होते. १८४१ मध्ये पैसे भरून त्यांनी कुटुंबाची मुक्तता करून घेतली. वडील पावेल यांचे किराणा दुकान होते. ते मुलांना कठोरपणे मारीत. १८७६ मध्ये दुकान बुडाल्यावर ते मॉस्कोला निघून गेले. आंतोन मात्र शालेय शिक्षण संपेपर्यंत, शिकवण्या करीत, गावातच राहिले.

विनोदी लेखन

१८७९ मध्ये चेखव यांनी मॉस्को विद्यापीठात वैद्यकाच्या शिक्षणासाठी प्रवेश घेतला. घरखर्च भागवण्यासाठी ते 'अंतोशा चेखोन्ते' या टोपणनावाने विनोदी नियतकालिकांत लिहू लागले. 'सरडा' ही कथा १८८४ मध्ये, म्हणजे ते डॉक्टर झाले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली.

बाजाराच्या चौकात ख्र्युकिन या सोनाराच्या बोटाला कुत्र्याचे पिल्लू चावते. पोलीस अधिकारी ओचुमेलॉव्ह न्याय करू लागतो. पिल्लू बेवारशी वाटले की तो त्याला मारण्याचा हुकूम देतो. ते जनरलचे असावे असे कोणी म्हणताच सोनारालाच दोषी ठरवतो. अखेर पिल्लू जनरलच्या भावाचे निघते आणि अधिकारी त्याचे कौतुक करतो. जमलेले लोक हसतात ते मात्र सोनाराला. रंग बदलणारा अधिकारी आणि त्याला साथ देणारे गाव, असा या कथेतील विनोदाचा दुहेरी रोख आहे.

उत्तरायुष्य

१८८८ मध्ये त्यांना पुश्किन पारितोषिक मिळाले. १८९० मध्ये त्यांनी साखालिन बेटावर जाऊन तेथील कैद्यांच्या स्थितीची पाहणी केली. पुढे मेलिखोवो येथे शेतकऱ्यांवर मोफत उपचार केले व शाळा बांधल्या. १९०२ मध्ये झारच्या नाराजीमुळे माक्सिम गॉर्की यांची विज्ञान अकादमीवरील निवड रद्द झाली, तेव्हा चेखव यांनी निषेध म्हणून स्वतःचे सन्माननीय सदस्यत्व सोडले. ज्या लाचारीला त्यांनी कथेत हास्यास्पद ठरवले, ती त्यांनी स्वतः पत्करली नाही.

क्षयरोगाने जर्मनीतील बाडेनवायलर येथे वयाच्या ४४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी मॉस्कोत आहे.