एलेन स्वॅलो रिचर्ड्स : विहिरीचं पाणी आणि घरातली चूल तपासणारी रसायनतज्ज्ञ

गृहविज्ञान म्हटलं की आपल्याकडे अजूनही अनेकांच्या डोळ्यांसमोर भरतकाम, केक आणि पुष्परचना येते. सायन्सला नंबर लागला नाही म्हणून घ्यायचा विषय, असा शेराही त्याला चिकटलेला आहे. मग तंत्रज्ञानाच्या साइटवर हा विषय कशाला? कारण त्याचा पाया घालणाऱ्यांत जिचं नाव सगळ्यात आधी येतं, ती बाई खनिजं, सांडपाणी आणि यंत्रांचं वंगणतेल तपासणारी रसायनतज्ज्ञ होती. आणि तिची प्रयोगशाळा होती एमआयटीत.

एलेन स्वॅलोचा जन्म 3 डिसेंबर 1842 चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, डन्स्टेबल या छोट्या गावात. आईवडील दोघंही पेशाने शिक्षक, पुढे वडिलांनी शेती आणि किराणा दुकान चालवलं. ही एकुलती एक. दुकान सांभाळलं, शिकवण्या केल्या, लोकांच्या घरची कामं केली आणि पैसे साठवून 1868 मध्ये, म्हणजे पंचविशीत, ती वासार या मुलींच्या कॉलेजात दाखल झाली. तिथे खगोलशास्त्रज्ञ मारिया मिचेल शिकवायच्या. एलेनला ताऱ्यांची ओढ होतीच, पण शेवटी तिने रसायनशास्त्र धरलं. रोजच्या जगण्यातले प्रश्न त्यातून सुटतील असं तिला वाटत होतं.

1870 मध्ये पदवी मिळाली, पण बाईला रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी कोण देणार? शेवटी तिने बोस्टनमध्ये नव्यानेच सुरू झालेल्या एमआयटीकडे अर्ज केला. (एमआयटी तेव्हा बोस्टनमध्येच होती, केंब्रिजला गेली ती 1916 मध्ये.) प्रवेश मिळाला, तोही बिनफीचा. आपल्या गरिबीकडे बघून फी माफ केली, असं तिला वाटलं. खरी गोष्ट वेगळी होती. फीच घेतली नाही, तर उद्या कुणी विचारलं की मुलगी इथे कशी, तेव्हा ती आमची विद्यार्थिनीच नाही असं सांगायला संस्था मोकळी! हे तिला पुढे कळलं, आणि आधी कळलं असतं तर आपण गेलोच नसतो असं तिचं म्हणणं होतं. मला विचाराल तर तिला ते आधी कळलं नाही हे बरंच झालं.

आत शिरल्यावर तिने एक धोरण ठेवलं. प्रयोगशाळेत केर काढायचा, धूळ पुसायची, कुणा प्राध्यापकाचं बोट कापलं तर पट्टी बांधायची, उसवलेलं शिवून द्यायचं. बाई आली म्हणून काही बिघडलं नाही, उलट सोयच झाली, असं लोकांना वाटलं पाहिजे. आज हे वाचताना चीड येते. पण तिचा हिशोब पक्का होता, आणि केर काढता काढता ती खनिजांचं विश्लेषणही तितकंच चोख करत होती. 1873 मध्ये तिला एमआयटीची बी.एस. मिळाली, संस्थेच्या इतिहासात एका स्त्रीला मिळालेली पहिली पदवी. त्याच वर्षी लोहखनिजावरच्या कामासाठी वासारने एम.ए. दिली. डॉक्टरेट मात्र मिळाली नाही.

1875 मध्ये तिने खाणशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी लग्न केलं. पुढच्याच वर्षी बोस्टनमधल्या स्त्रियांच्या एका शिक्षणसंस्थेच्या पैशातून एमआयटीत महिलांसाठी वेगळी प्रयोगशाळा उघडली. एलेन तिथे बिनपगारी शिकवायची, वर स्वतःच्या खिशातून पैसेही घालायची. 1883 मध्ये ही प्रयोगशाळा बंद झाली, आणि कारण चांगलं होतं: मुलींना आता इतरांबरोबरच नेहमीच्या वर्गांत बसता येणार होतं. 1884 पासून ती आरोग्य-रसायनशास्त्राची निदेशक झाली आणि मरेपर्यंत त्याच पदावर राहिली.

आता तिच्या ज्या कामाचं मला सगळ्यात जास्त कौतुक आहे, त्याकडे येतो.

1887 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य मंडळाने राज्यभरातलं पाणी तपासायचं ठरवलं. टायफॉइडने माणसं मरत होती आणि कोणतं पाणी सुरक्षित हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. जंतू शोधण्याच्या चाचण्या तेव्हा नुकत्याच कुठे रांगत होत्या. दोन वर्षांत सुमारे 20,000 नमुने तपासले गेले, आणि प्रयोगशाळेचा रोजचा भार एलेनवर होता.

यातून तयार झाला क्लोराइडचा नकाशा. त्यामागची कल्पना अशी. आपण मीठ खातो. त्यातलं क्लोराइड शरीरात संपत नाही, लघवीवाटे बाहेर पडतं. सांडपाणी जमिनीत मुरलं की बाकीची घाण गाळली जाते, कुजते, रूप बदलते. क्लोराइड मात्र मातीला चिकटत नाही की कुजत नाही, ते पाण्याबरोबर थेट विहिरीत उतरतं. म्हणजे विहिरीत क्लोराइड जास्त असेल तर कुठेतरी माणसाची घाण मुरते आहे, असा संशय घ्यायला जागा आहे.

पण इथे एक पेच होता. समुद्राजवळच्या पाण्यात मीठ मुळातच जास्त असतं, कारण खारे तुषार वाऱ्याबरोबर आत येतात. मग जास्त म्हणजे किती? त्यासाठी वस्तीपासून दूरच्या, स्वच्छ ठिकाणांचं पाणी तपासून त्या त्या भागातलं नैसर्गिक क्लोराइड ठरवलं, आणि सारखं प्रमाण असलेली ठिकाणं रेषांनी जोडली. हवामानाच्या नकाशात समान तापमानाच्या रेषा असतात ना, तशाच. किनाऱ्याला जवळपास समांतर जाणाऱ्या या रेषा आत जाल तसतशा कमी आकडा दाखवतात. आता कुठल्याही गावचा नमुना आला की फक्त बघायचं, तिथल्या रेषेपेक्षा आकडा किती वर गेलाय.

आज घरी प्युरिफायर विकायला आलेला माणूस टीडीएस मीटर ग्लासात बुडवतो आणि आकडा दाखवून घाबरवतो, तेव्हा मला हा नकाशा आठवतो. नुसता आकडा काहीच सांगत नाही. त्या भागातलं पाणी मुळात कसं असतं, हे माहीत असेल तरच त्याला अर्थ येतो. ही गोष्ट एलेनने 1890 च्या आसपासच नकाशावर मांडून दाखवली होती.

याच नजरेने ती स्वतःच्या घराकडेही बघायची. बोस्टनच्या जमैका प्लेन भागातलं तिचं घर म्हणजे दुसरी प्रयोगशाळाच. कोळशाच्या जागी गॅस आणला, पाणी तापवायला किती गॅस लागतो ते मोजलं, खेळत्या हवेची सोय केली, धूळ धरून ठेवणारे जाड गालिचे काढले. 1882 मध्ये स्वयंपाक आणि सफाई यांच्या रसायनशास्त्रावर तिने गृहिणींसाठी पुस्तक लिहिलं, त्यानंतर अन्नातल्या भेसळीवर दुसरं.

1890 मध्ये तिने मेरी हिनमन एबल यांच्याबरोबर बोस्टनमध्ये न्यू इंग्लंड किचन सुरू केलं. कामगार कुटुंबांना स्वस्त, पौष्टिक, तयार अन्न विकायचं. तिथे अलादिन ओव्हन वापरत: रॉकेलच्या दिव्याच्या आचेवर तासन्‌तास मंद शिजवणारी, उष्णता बाहेर जाऊ न देणारी पेटी. आजच्या स्लो कुकरची आजीच म्हणा. प्रत्येक पदार्थ दर वेळी तंतोतंत सारखा व्हावा म्हणून वजनं-मापं ठरलेली. 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात तिने रम्फर्ड किचन मांडलं, तिथे जेवणाच्या कार्डावर प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, कर्बोदकं आणि उष्मांक लिहिलेले असत. पाकिटावरच्या पोषणतक्त्याचा हा खूप आधीचा अवतार.

बोस्टनमधलं किचन मात्र गरिबांना फारसं रुचलं नाही. आयरिश आणि इटालियन कामगारांना मक्याची लापशी आणि बेतशीर मसाल्याचं सूप नको होतं. त्यांना आपापल्या घरची चव हवी होती. इथे मला एलेनची मर्यादा स्पष्ट दिसते. पोषण मोजता आलं, पण जेवणाऱ्याला काय आवडतं ते कुणी विचारलं नाही. हीच चूक आजही आहाराच्या ॲप्समध्ये दिसते, भाकरी-पिठल्याऐवजी किन्वा सुचवणारी. या किचनचा खरा उपयोग पुढे झाला तो बोस्टनच्या शाळांतल्या मुलांच्या दुपारच्या जेवणासाठी.

1899 मध्ये लेक प्लॅसिड इथे एक छोटी परिषद भरली. यजमान होते ग्रंथालयांच्या दशांश वर्गीकरणाचे मेल्विल ड्यूई आणि त्यांच्या पत्नी ॲनी. अध्यक्ष एलेन. या विषयाला नाव काय द्यायचं इथपासून चर्चा होती, आणि होम इकॉनॉमिक्स हे नाव ठरलं. 1908 पर्यंत अशा दहा परिषदा झाल्या, शाळा-कॉलेजांचे अभ्यासक्रम आखले गेले आणि त्यातूनच राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पहिली अध्यक्ष अर्थातच तीच.

या टप्प्यावर मला एक प्रश्न नेहमी पडतो. विज्ञान शिकलेल्या बायकांना या विषयामुळे विद्यापीठांत नोकऱ्या मिळाल्या, विभागप्रमुखपदं मिळाली. पण त्याच दाराने त्यांना रसायनशास्त्राच्या मुख्य विभागातून बाहेर ढकलणंही सोपं झालं. तुमच्यासाठी तो वेगळा विभाग आहे ना, मग इथे कशाला? एलेनने घरात विज्ञान आणलं, जगाने मात्र विज्ञानातल्या बायकांना पुन्हा घराकडे वळवलं. यात तिचा दोष किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. माझं मत विचाराल तर दोष तिचा कमी आणि तिच्यासमोर बंद केलेल्या दारांचा जास्त.

भारतात 1932 मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेने दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज काढलं, आणि स्वातंत्र्यानंतर कुलगुरू हंसा मेहतांच्या काळात बडोद्याच्या विद्यापीठात गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी राहिली. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातही गृहविज्ञान महाविद्यालय आहे. आता त्याचं नाव सामुदायिक विज्ञान महाविद्यालय झालंय. अमेरिकेतल्या संघटनेनेही 1994 मध्ये आपल्या नावातून होम इकॉनॉमिक्स हे शब्द काढून टाकले.

1910 मध्ये स्मिथ कॉलेजने एलेनला मानद डॉक्टरेट दिली. 30 मार्च 1911 रोजी, वयाच्या 68 व्या वर्षी, हृदयविकाराने ती गेली. तिच्या बी.एस. ला शंभर वर्षं झाली तेव्हा, 1973 मध्ये, एमआयटीने तिच्या नावाचं एक प्राध्यापकपद सुरू केलं, स्त्री प्राध्यापकांसाठी.