बासरीस भारदस्त स्वर देणारे पन्नालाल घोष

बारामती-इंदापूरकडील जत्रांतून वेळूचे पावे विकावयास येतात. मूल मोठ्या हौसेने पावा घेते, जोराने फुंकते आणि आवाज चिरका निघाला म्हणजे दोन दिवसांत तो कोनाड्यात टाकून देते. दोष मात्र पाव्यास लागतो! वाद्यातून गोड व भरदार स्वर कसा काढावा, या एका विचारास ज्यांनी आपले आयुष्य वाहिले, त्या पन्नालाल घोष यांचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

पन्नालाल यांचा जन्म 1911 साली पूर्व बंगालमधील बारीसाल येथे झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. वडील अक्षयकुमार सतार वाजवीत. धाकटे बंधू निखिल हे पुढे नामांकित तबलावादक झाले. पन्नालाल यांस संगीताइतकीच व्यायामाची व मुष्टियुद्धाची आवड होती. तरुणपणी ते कलकत्त्यास आले व चित्रपटांच्या वाद्यवृंदात बासरी वाजवू लागले. 1938 साली सराईकेलाच्या नृत्यपथकाबरोबर त्यांनी युरोपचा प्रवास केला आणि 1940 साली ते मुंबईस येऊन राहिले. 1942 साली निघालेल्या ‘बसंत’ या बोलपटास त्यांचे संगीत होते.

नाव झाले, पोटाची सोय झाली. पण मनातील सल गेला नव्हता. त्या काळी रागदारीच्या मैफलीत बासरीस मानाची जागा नव्हती. आखूड बासरीचा स्वर उंच व बारीक. ख्यालगायक खालच्या सप्तकात ज्या गांभीर्याने आलाप करितो, तो तीतून कसा निघावा? पन्नालाल यांनी वाद्यास नावे ठेविली नाहीत. त्यांनी वाद्यच सुधारावयास घेतले. नळी लांब असेल तितका तिच्यातील हवेचा स्तंभ लांब होतो व स्वर खाली उतरतो. म्हणून त्यांनी सुमारे 32 इंच लांबीची बासरी प्रचारात आणिली आणि नेहमीच्या सहा स्वरछिद्रांस तीव्र मध्यमासाठी सातव्याची जोड दिली.

परंतु लांब बासरी हाती आली म्हणजे काम संपले असे नव्हे. छिद्रे दूरदूर पडतात. बोटे ताणून, पेरांच्या मांसल भागाने ती झाकावी लागतात. किंचित फट राहिली तरी स्वर फाटतो. शिवाय जोराने फुंकले की स्वर एकदम वरच्या सप्तकात उडी घेतो. खर्जातील भरदार स्वर हवा असेल, तर श्वास रोखून, मोजून, अखंड सोडावा लागतो. मुष्टियोद्ध्याच्या छातीत जोर पुष्कळ होता. पण त्या जोरास आवर घालणे हीच खरी साधना ठरली.

याहून मोठी गोष्ट 1947 सालची. लोकमान्यता मिळालेल्या या वादकाने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्यत्व पत्करिले. कीर्ती मिळाल्यावर पुन्हा विद्यार्थी होणे फार थोड्यांस साधते. 1956 साली ते दिल्लीस आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले. 20 एप्रिल 1960 रोजी, पन्नाशीही गाठली नसता, त्यांचे देहावसान झाले. परंतु त्यांचे जामात व शिष्य देवेंद्र मुर्डेश्वर यांच्यासारख्यांनी ती विद्या पुढे चालविली, आणि आज मैफलीत दिसते ती लांब बासरी त्यांच्याच श्रमाचे फळ होय.

विद्यार्थिमित्रहो, वाद्य वेळूचे असो की बँडातील सॅक्सोफोन असो, वाट एकच आहे. रोज प्रथम खालचा एकच स्वर घ्यावा. एका श्वासात तो आरंभापासून शेवटपर्यंत सारख्या जोराने धरावा आणि आपल्याच कानांनी तो पारखावा. स्वर थरथरला तर श्वास तपासावा. खरखरला तर ओठ व बोटे तपासावी. गाणे मागाहून येईल. पालकांसही आमची विनंती आहे की, घरात तोच तो स्वर ऐकू आला तर त्यांनी कंटाळून मुलास थांबवू नये. कंटाळवाणा वाटणारा तो स्वरच पुढील गोडव्याचा पाया असतो.