लडाखमधला इंग्रज श्रामणेर

इंदिरानगरातून पाथर्डी फाट्याकडे निघाले, की पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. दोन हजार वर्षांपूर्वी घरदार, नावगाव मागे टाकून आलेले भिक्षू तिथे राहत. त्या डोंगराकडे पाहिले, की एका इंग्रज श्रामणेराची आठवण येते. मायकेल डिलन त्याचे नाव.

१ मे १९१५ रोजी लंडनमध्ये त्याचा जन्म मुलगी म्हणून झाला. नाव ठेवले लॉरा. आई काही दिवसांतच गेली आणि आत्यांनी सांभाळ केला. ऑक्सफर्डला असताना या मुलीने नौकानयनात नाव कमावले, पण आपण मुलगी नाही ही खूणगाठ मनाशी पक्की होती. हे खूळ नव्हे, हट्टही नव्हे, हे घरच्यांना पटवणे तेव्हा सोपे नव्हते. (आज तरी कुठे आहे?)

१९३९ मध्ये एका डॉक्टरकडून टेस्टोस्टेरॉनच्या गोळ्या मिळाल्या. हे पुरुषी संप्रेरक. त्याने आवाज फुटतो, दाढीमिशा येतात, मासिक पाळी थांबते. फुटलेला आवाज मात्र औषध सोडले तरी पूर्ववत होत नाही. म्हणूनच आज तज्ज्ञ आधी सविस्तर बोलतात आणि मग रक्ततपासणी करत औषध देतात. डिलनच्या नशिबी हे काही नव्हते. तो ब्रिस्टलच्या एका गॅरेजमध्ये राबत राहिला. १९४२ मध्ये छातीची शस्त्रक्रिया झाली आणि १९४४ मध्ये जन्मनोंदीत 'पुरुष' असा बदल झाला.

पुढचा टप्पा सर्वांत अवघड होता. पहिल्या महायुद्धात सैनिकांचे फाटलेले चेहरे सांधणारे सर हॅरल्ड गिलीज यांनी १९४६ ते १९४९ या काळात त्याच्यावर किमान १३ शस्त्रक्रिया केल्या. अंगावरचीच कातडी नळीसारखी वळवून, रक्तपुरवठा न तोडता, टप्प्याटप्प्याने हलवायची. कपाळाच्या कातडीचे नाक करण्याची पुण्याजवळची करामत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली होती. त्याच विद्येची ही पुढची पायरी. आजही प्रत्येक जण इथवर येतोच असे नाही. कित्येकांना औषध आणि छातीची शस्त्रक्रिया पुरेशी वाटते.

या शस्त्रक्रिया चालू असतानाच डिलन डब्लिनला वैद्यकी शिकत होता. लंगडण्याचे कारण तो युद्धातली जखम असे सांगे. १९५१ मध्ये तो डॉक्टर झाला आणि पुढे बोटीवर नोकरीला लागला.

भाऊ सरदार घराण्याचा वारस. खानदानांच्या एका ग्रंथात त्याला भाऊ होता, तर दुसऱ्यात बहीण! १९५८ मध्ये वर्तमानपत्रांनी ही विसंगती हेरली आणि डिलनचे जगणे चव्हाट्यावर आणले. यात कोणाचे काय भले झाले, देव जाणे.

तो भारतात आला. कालिम्पाँगला संघरक्षितांकडे राहिला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर नागपुरात शोकाकुल जनसमुदायाला धीर देणारे तेच हे संघरक्षित. पुढे सारनाथ, आणि १९६० मध्ये लडाखचा रिझोंग मठ. चाळिशी उलटलेला हा डॉक्टर तिथे पोरसवदा श्रामणेरांच्या पंगतीत बसे.

१५ मे १९६२ रोजी डलहौसीला त्याचे निधन झाले. वय अवघे ४७. आत्मचरित्राचे हस्तलिखित त्याने नुकतेच लंडनला धाडले होते. ते जाळावे, असे भावाचे म्हणणे होते. पण ते जपले गेले आणि अर्धशतक उलटल्यावर छापले गेले. पुस्तकावर दोन नावे आहेत: मायकेल डिलन आणि लोबझांग जीवक. जीवक म्हणजे बुद्धांचा वैद्य.