५७ किलोचा हिमालय : खाशाबा जाधव

गेल्या वर्षी विसर्जनाला बाप्पांची मूर्ती टेम्पोत चढवताना आम्हा सहा जणांची पार दमछाक झाली. सगळे चाळिशीतले, खुर्चीत आणि बंगळूरच्या ट्रॅफिकमध्ये बसून दिवस काढणारे. डिप्लोमा करून मी रेल्वेत लागलो तेव्हा आमचे गँगमन मीटरला ५२ किलो वजनाचा रूळ सबली लावून सरकवत. आज त्यातले बरेचसे काम यंत्रे करतात. त्यांच्या कमरा वाचल्या हे चांगलेच झाले. पण आपल्या अंगातली रग कुठे गेली? त्या रात्री मला खाशाबा जाधव आठवले.

कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. घरचीच तालीम, शेतातले कष्ट आणि लाल माती यांतून हा मुलगा घडला. अंगाने लहानखुरा, पण चपळ. ढाक हा त्याचा हुकमी डाव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवरच्या कुस्तीचा सराव नसतानाही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

१९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले! परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे कुस्त्यांची मैदाने भरवून त्यांनी प्राचार्यांचे पैसे फेडले.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८४ मध्ये अपघाताने त्यांना नेले. दिल्लीतील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव मिळाले ते २०१० साली.

वाचकहो, आजचे ऑलिंपिकवीर मागच्यांपेक्षा कमी नाहीत. खालावलो आहोत ते तुम्ही-आम्ही. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण पुरुषांच्या हाताची पकड १९८५ च्या नोंदींपेक्षा कमी भरली. कारण सरळ आहे, कष्ट सुटले आणि त्यांच्या जागी व्यायाम आला नाही.

मी रोज पंचवीस बैठकांपासून सुरुवात केली आहे. मुलगा शेजारी उभा राहून मोजतो, कधी स्वतःही मारतो. यंदा मूर्ती उचलायला चौघे पुरले पाहिजेत!

गणपती बाप्पा मोरया!